तांब्याची साखळी

रावजी शिरधनकरांना जगात दोनच माणसांबद्दल आदर होता. एक ते स्वतः आणि दुसरा त्यांच्या बोटीवरचा ग्रीक चीफ इंजिनियर. तो ग्रीक सात वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून रावजींचं एका माणसावरच भागत होतं.

एकतीस वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिशियनचं काम केलं आणि मग अंजनवेलच्या अलीकडच्या आपल्या वाडीत येऊन राहिले. आले ते नाक वर करूनच. ग्रामपंचायतीचा नळ वाकडा, सरपंचाची अक्कल त्याहून वाकडी, आणि शाळेतले मास्तर म्हणजे पगार घ्यायला जन्मलेले. वीज कंपनीच्या माणसांचा विषय निघाला, की मात्र ते बोलायच्या आधी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून येत. एवढा मोठा गॅसवरचा वीजप्रकल्प जवळ, त्याच्या धुरांड्यांवरचे लाल दिवे वाडीतून दिसतात आणि वाडीत जरा वारा सुटला की काळोख. ती वीज मोठ्या तारांवरून दूर कुठे कुठे जाते, तिचा आपल्या खांबाशी काही संबंध नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण माहीत असलं म्हणून तुच्छ लेखायचं सोडावं, असं कुठे लिहिलंय?

घराच्या मागच्या अंगाला त्यांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. पर्यटकही त्यांना आवडत नसत. "समुद्र बघायला येतात नि खिडक्या लावून एसीत झोपतात. मग घरीच झोपायचं होतं मेल्यांनी," असं ते बायकोला, विमलाबाईंना, रोज एकदा तरी सांगत. तरी रस्त्यावर बोर्ड होता, तोही स्वतःच्या हाताने रंगवलेला: 'शिरधनकर निवास. सोलर. चोवीस तास वीज.' त्यातलं 'चोवीस तास' खरं नव्हतं आणि ते खरं का नाही, हीच त्यांच्या मनातली सल होती.

सोलर मागच्या हिवाळ्यात बसलं. बसवायला देवरूखहून ईशा नावाची एक मुलगी आली, डिप्लोमा झालेली, कमरेला हत्यारांचा पट्टा. रावजींनी तिला बघूनच मनात ठरवून टाकलं, की हिला आपणच शिकवावं लागणार. पण तिने भराभर पॅनेल बसवली, तारा ओढल्या, इन्व्हर्टरचा डबा पडवीच्या भिंतीला ठोकला आणि हात पुसत म्हणाली,

"काका, एक ध्यानात ठेवा. लाईन गेली की हा डबापण बंद होणार. कडकडीत ऊन असलं तरी."

"का? त्याला ऊन दिसत नाय?"

"दिसतं. पण लाईनवर कोणी काम करत असेल, तर तुमच्या छपरावरची वीज उलटी खांबावर जाऊन त्याला लागेल. म्हणून."

"मी मेन स्विच पाडला असला तर? मग कशी जाईल?"

"तुम्ही पाडलात का नाही, ते त्याला कुठं कळतंय? तुम्ही विसरलात, असंच तो धरून चालतो."

बाकी सगळं रावजींनी ऐकून सोडून दिलं असतं, पण हे वाक्य त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. विसरलात असं धरून चालतो! एकतीस वर्षं समुद्रावर ज्याने एक स्विच चुकीचा पाडला नाही, त्याला हा पत्र्याचा डबा मूर्ख समजणार? ईशा म्हणाली, की बॅटरी घेतलीत तर घर लाईनीपासून आपोआप तोडून वेगळं चालवता येईल, तसा स्विच येतो. रावजी म्हणाले, आपोआप वगैरे पोरांना लागतं. तिने मेन स्विचच्या वर एक लाल स्टिकर चिकटवला, लाईन बंद असताना घरात दुसरी वीज जोडू नये, अशा अर्थाचा. ती रस्त्याला लागली न लागली तोच रावजींनी त्यावर पतपेढीचं कॅलेंडर टांगलं.

त्यांच्या मते असलाच दुसरा मूर्खपणा म्हणजे त्यांचा पुतण्या दर्शन. थोरला भाऊ गेल्यावर त्याचा हा मुलगा शेजारच्याच घरात आईबरोबर राहत होता आणि वीज कंपनीत कंत्राटी वायरमन होता. रावजींनी त्याला बोटीवर चिकटवून द्यायची तयारी दाखवली होती. तो नको म्हणाला, आईला एकटं टाकून कसं जाऊ? तेव्हापासून रावजींच्या बोलण्यात त्याचं नाव 'खांबावरचं माकड' असं पडलं.

या दर्शनच्या पिशवीत पकड, हातमोजे आणि एक तांब्याची साखळी असे. साखळीच्या एका टोकाला लोखंडी सळई. कुठल्याही तारेला हात लावण्याआधी तो सळई जमिनीत ठोकायचा, लांब काठीने साखळी खांबावरच्या तारांवर टाकायचा आणि मगच शिडी लावायचा. वरून लाईन बंद केल्याचा फोन आलेला असो, डोळ्यांदेखत तार तुटून गटारात पडलेली असो, आधी साखळी.

"काय रे, हा दागिना कोणाला घालतोस?" रावजी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून ओरडायचे. "तार मेलीय ती. मेलेल्याला पुन्हा मारतोस होय?"

"असूंदे काका," दर्शन म्हणायचा आणि ठोकत राहायचा.

उलट उत्तर दिलं असतं तर रावजींना तो थोडा तरी आवडला असता. हे 'असूंदे' म्हणजे त्यांना शेळपटपणा वाटायचा. "शेळीचं काळीज," ते विमलाबाईंना सांगत, "शेळी निदान दूध तरी देते."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुट्ट्या जोडून आल्या आणि दोन्ही खोल्या भरल्या. पुण्याचा विनीत नावाचा एक मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला इंजिनियर, त्याची बायको सानवी आणि दुसऱ्या खोलीत तिचे आईवडील. गुरुवारी दुपारी परतीच्या पावसाचं वादळ आलं. तासभर असा वारा, की पोफळी जमिनीला टेकून उठत होत्या. आंब्याच्या वळणावर एक मोठी फांदी तारांवर पडली, तारा तुटल्या आणि वीज गेली. वळणापलीकडची वाडी दुसऱ्या बाजूने जोडलेली असल्याने तिथे रात्रीपर्यंत दिवे आले. वळणाच्या अलीकडे राहिलं एकट्या रावजींचं घर, मधले दोन खांब आणि लोंबणारी तार. दर्शनचं घर शेजारी खरं, पण त्याची जोडणी मागच्या आळीतून. म्हणजे त्या माकडाच्या घरी उजेड आणि 'चोवीस तास'वाल्याच्या घरी मेणबत्ती.

संध्याकाळी पडवीत बसून विनीतने रावजींना मोबाइलवर मोटारींच्या शर्यतीतला एक अपघात दाखवला. गाडी कठड्यावर आदळली, पेटली आणि त्या जाळातून ड्रायव्हर आपल्या पायांनी चालत बाहेर आला.

"ही डोक्याभोवती कमान दिसतेय ना काका? हिने वाचवलं. पहिल्यांदा आली तेव्हा कितीतरी ड्रायव्हरांनीच नावं ठेवली होती हिला. गाडी कुरूप दिसते म्हणून."

"बरोबरच होतं त्यांचं," रावजी म्हणाले. "ज्याला गाडी चालवता येते त्याला पिंजरा कशाला?"

"येतेच त्यांना. पण बनवणारा असं धरून चालतो, की हा कधीतरी आदळणारच."

पुन्हा तेच. धरून चालतो! जगातली सगळी हुशार पोरं एकत्र बसून फक्त रावजी शिरधनकर चुकणार, एवढंच धरून चालली होती की काय? ते उठून आत गेले आणि विमलाबाईंना म्हणाले, की पुण्याची माणसं जाळ बघून टाळ्या वाजवतात.

शुक्रवारी सकाळी आकाश धुतल्यासारखं निघालं आणि नऊ वाजताच ऊन भाजायला लागलं. छपरावर पॅनेल तळपत होती आणि पडवीतला डबा लाल दिवा लावून गप्प बसला होता. सानवीच्या आईला उकाड्याने भोवळ आल्यासारखं झालं. विनीत अंगणात आला, त्याने एकदा छपराकडे पाहिलं, एकदा रस्त्यावरच्या बोर्डाकडे, आणि हसून म्हणाला, "काका, चोवीस तास म्हणजे नक्की कुठले हो?"

तो गमतीने म्हणाला. पण रावजींना स्वतःची गंमत केलेली चालत नसे. दुसऱ्यांची ते दिवसभर करत.

"पाच मिनिटं थांबा," ते म्हणाले. "वीज कशी आणतात ते दाखवतो."

आता इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. रावजींना जे सुचलं ते बिनडोक माणसाला सुचलंच नसतं. त्यांच्याकडे एक लहान पेट्रोलचा जनरेटर होता. त्याच्यावर दोन एसी चालले नसते. पण जनरेटरची वीज घराच्या तारांत सोडली, तर डब्याला वाटणार लाईन आली. डबा जागा होणार, छपरावरचं ऊन आत घेणार आणि मग एसी काय, अख्खी बोट चालवा! दोन यंत्रं एकमेकांशी जुळवून चालवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. डब्याला फसवायचं, एवढ्या विचारानेच त्यांना तरतरी आली.

त्यांनी माळ्यावरून एक जाड वायर काढली, तिच्या दोन्ही टोकांना पिना बसवल्या, एक टोक जनरेटरला आणि दुसरं पंपाच्या सॉकेटला लावायला घेतलं. विमलाबाई चुलीपुढून उठून दारात आल्या.

"अवो, दर्शनचा फोन आलेला मगाशी. तुमच्याकडे पावणे हायत म्हणून पयलं आपलंच काम धरतोय म्हणाला. वळणावर येतोय."

"दर्शन सकाळी येतो म्हणाला म्हणजे संध्याकाळ धर. ते लोक चहा पिऊन उठेपर्यंत दुपार होते."

"नाय म्हटलं, मेन तरी पाडा. ती पोरगी सांगून गेली होती ना?"

"काय गो, तुला कळतं काय त्यातलं? तार तुटून रस्त्यावर पडलीय. मेलेली तार. तिकडे वीज गेली तर कोणाला लागणार, गवताला?"

विमलाबाई कॅलेंडरकडे बघत उभ्या राहिल्या. मेन स्विच त्याच्याखालीच होता, रावजींच्या हातापासून दोन पावलांवर. ती दोन पावलं त्यांनी टाकली नाहीत. बोटीवर अशी पावलं कधी टाकावीच लागली नव्हती. भर समुद्रात बोटीला बाहेर नसतं, चहूबाजूंना पाणी, आपली वीज आपल्याच पोटात. आणि बंदरात लागल्यावर किनाऱ्याची वीज घ्यायची तर बोटीच्या स्विचबोर्डाच्या फळीवर असा खटका असे, की एक चालू असताना दुसरी चालूच होत नसे. एकतीस वर्षांत आपण एक स्विच चुकलो नाही, असं रावजी सांगत ते खरंच होतं. चुकायची सोयच त्या फळीने ठेवली नव्हती, एवढं सांगायचं राहून जाई.

जनरेटर फटफटला. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि डबा आकडे उलटे मोजू लागला. विनीत बाजूला येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावर आठी होती.

"काका, मेन बंद केलंय ना?"

"तुमच्या शर्यतीतल्या पिंजऱ्यातून बाहेर या जरा," रावजी म्हणाले.

आणि दिवा हिरवा झाला. मागच्या खोल्यांतून एसीची घरघर आली, सानवीचे वडील "वा!" म्हणाले, स्वयंपाकघरातला पंखा फिरायला लागला. रावजी कमरेवर हात ठेवून डब्यासमोर उभे राहिले. कशी जिरवली? त्यांना ईशाला फोन करावासा वाटला. त्या ग्रीकाला तर नक्कीच केला असता. डब्याकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, "आता धरून चाल."

दोन मिनिटं गेली असतील. वळणाच्या बाजूने फटाक्यासारखा एक आवाज झाला, त्याच क्षणी पडवीतल्या बोर्डात कडाड झालं, जनरेटर गुदमरून थांबला, पंखा फिरता फिरता मंदावला. डबा लाल झाला. घरात जळक्या रबराचा वास पसरला.

विमलाबाईंच्या हातातली पळी खाली पडली आणि त्या एकच शब्द म्हणाल्या, "दर्शन."

रावजी धावले. अनवाणी, लुंगीचा सोगा हातात धरून, त्या जांभ्याच्या रस्त्यावरून. घरापासून वळण म्हणजे दोनशे पावलं. या दोनशे पावलांत त्यांना कोणाबद्दलही तुच्छ काही सुचलं नाही, आणि हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. त्यांना फक्त थोरला भाऊ आठवत होता, आजारपणात उशाशी बसवून म्हणालेला, पोराकडे लक्ष ठेव. त्यांनी लक्ष ठेवलं होतं ते गडग्यावरून हसण्यापुरतं. देवा म्हाराजा, ते पळता पळता म्हणत होते, देवा म्हाराजा, एवढं नको.

दर्शन खांबाच्या बुडाशी बसला होता.

शिडी अजून सायकलला बांधलेली होती. सळई जमिनीत ठोकलेली होती, साखळी वर तारांवर लोंबत होती आणि जिथे ती तारेला टेकली होती तिथल्या दोन कड्या काळ्याठिक्कर पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. लांब काठी त्याच्या हातातून सुटून गटारात पडली होती. पोराचा चेहरा पांढराफटक होता, पण डोळे उघडे होते आणि ते रावजींकडे बघत होते.

"लागलं?" रावजी त्याच्यापुढे वाकले. "तुला लागलं काय रे?"

"नाय."

पोर जिवंत आहे, म्हटल्यावर रावजींची भीती गेली आणि जागा मोकळी दिसताच मनातला जुना भाडेकरू, तोरा, परत आला.

"मग येण्याआधी हाक मारायला काय झालं होतं तुला? न विचारता लाईनीवर काम करतोस?"

"काकीला फोन केलेला."

रावजींनी मान वर केली. ते साखळीकडे बघत राहिले. ही नसती तर पोराने शिडी लावली असती, तार मेलेली आहे हे काकांसारखंच त्यालाही दिसत होतं, आणि उघड्या हाताने ती धरली असती. पंखा फिरत होता ती दोन मिनिटं. सानवीचे वडील "वा!" म्हणत होते तेव्हा.

"वर चढायच्या आधी..." ते कसेबसे म्हणाले. "नेहमी टाकतोस तू ही. तार तुटलेली असली तरी."

"तुमी नेहमी विचारता ना, हा दागिना कोणाला घालतोस म्हणून." दर्शन उठून उभा राहिला. त्याचा आवाज सरळ होता. त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "तुमाला घालतो, काका. आमाला पयल्या दिवशी हेच सांगतात. तार मेलेली दिसली तरी फसू नका, परतेक वाडीत एक तरी शाना असतो. तो मेन न पाडता जनरेटर लावतो. तो हाय असं धरूनच चालायचं."

बोलला त्यात शिवी नव्हती. गेल्या सहा वर्षांत रावजींनी त्याला जे जे म्हटलं होतं, त्या सगळ्यापेक्षा हे हलक्या आवाजात होतं. आणि रावजींना पहिल्यांदाच कळलं, की ते 'असूंदे' म्हणजे शेळपटपणा नव्हता. वेड्याच्या नादी कोण लागतो, तसलं ते 'असूंदे' होतं. इतकी वर्षं गडग्याच्या पलीकडे उभं राहून हा पोर आपल्याला मोजत होता आणि आपलं माप रोज पिशवीत घेऊन फिरत होता.

"घरी जावा," दर्शन म्हणाला. "जनरेटरची वायर काढा. मेन पाडा. काकीला तिथंच उभी करा, कोणी हात लावायला नको."

रावजी गेले. वाटेत विनीत भेटला, तो मान खाली घालून बाजूला झाला. पडवीत विमलाबाई कॅलेंडर हातात घेऊन उभ्या होत्या. ते त्यांनीच काढलं होतं. भिंतीवर लाल स्टिकर होता, नवाकोरा. मेन स्विचही त्यांनीच पाडला होता. रावजींनी वायर उपटली, तरी खात्रीसाठी स्विचचा दांडा पुन्हा एकदा खाली दाबला आणि ते परत वळणावर आले.

दर्शनने हातमोजे चढवून साखळी खाली ओढली होती आणि जळलेल्या कड्या कापून ती पुन्हा जोडली होती. ती आता दोन बोटं तोकडी झाली होती.

"पाडला मेन," रावजी म्हणाले. "वायर काढली. काकी उभी आहे तिथं."

दर्शनने मान हलवली, खिशातून फोन काढला आणि त्यांच्यासमोरच विमलाबाईंना विचारलं, "काकी, मेन खाली हाय ना? हात लावून बगा." मग फोन ठेवला आणि गटारातली काठी पुसून हातात घेतली.

"अरे, मी स्वतः पाडलाय," रावजी म्हणाले. "मी सांगतोय ना तुला!"

"व्हय, ऐकलं काका," दर्शन म्हणाला, आणि त्याने साखळी तारांवर टाकली.